मालनबाईंचे होते ते मालनबाईंना

मी, पद्मावती भ्रतार हिम्मतराव टेकाळे, वय अंदाजे एकोणपन्नास, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी खिडकीपाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, म्हणूनच लिहायची वेळ आली. येत्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाही, पण माझ्यामागे जे होईल त्याची मला धास्ती आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकायला घरात माणूसच उरलेले नाही.

वरच्या ओळीत नवऱ्याचे नाव लिहावे लागले. तोंडाने मी ते हळदीकुंकवातल्या उखाण्याखेरीज कधी घेतलेले नाही. आमच्यात बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. कुणी विचारलेच तर शेजारणीला नाहीतर लेकराला पुढे करते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे.

आमच्या गल्लीतले नामदेवराव वकिलांकडे मुन्शी आहेत. कायद्याचे शब्द त्यांनी सांगितले. मधले बोलणे माझे. ते दोनदा म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असलं काही घालत नसतात." घालत नसतील. मी घालणार.

कलम पहिले, माझ्या देहाबद्दल. फार खटाटोप करू नये. रडायला बायका जमवू नयेत. आणि जमवायच्या म्हटल्या तरी आणणार कुठून? गेल्या वर्षी राज्ये मोडून नवी केली, तेव्हापासून ही गल्ली रिकामी होत आली. ज्यांच्या नोकऱ्या मुंबई राज्याकडे लागल्या ते बिऱ्हाड बांधून औरंगाबादेस, नांदेडास गेले. माझे माहेर बिदर जिल्ह्यात, ते म्हैसूर राज्यात गेले. सासर परभणीकडे, ते मुंबई राज्यात. घर आंध्र प्रदेशात राहिले. मी एका जागी बसून तीन राज्यांची झाले, आणि खुशाली विचारायला एकातूनही कुणी येत नाही. समोरच्या घरी आता गुंटूरकडचे कुटुंब आहे. बाई भली आहे, मला "अम्मा" म्हणते, वाटीभर सांबार आणून देते. पण माझी तेलुगू "बागुन्नारा", म्हणजे बऱ्या आहात ना, याच्या पुढे जात नाही, आणि तिचे मराठी त्याच्याही आधी संपते. मग आम्ही दोघी हसतो आणि आपापले दार लावतो.

भडाग्नी माझी मुलगी जयवंता हिने द्यावा. पुतण्या प्रतापराव पुढे येईल, त्याला येऊ देऊ नये. बाईने अग्नी द्यावा का, असे कुणी कुरकुरले तर त्याला माझ्याजवळ पाठवावे.

कलम दुसरे, घर. नल्लकुंट्यातले हे घर, पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, ओसरी आणि मागचा हौद, माझ्या वडिलांनी मला घातलेल्या सोन्यातून घेतले आणि खरेदीखत माझ्या नावाचे आहे. गेल्या वर्षीच्या नव्या वारसा कायद्याने बाईची मिळकत आता पुरती तिची झाली. नामदेवराव म्हणतात, दीर, पुतण्या, कुणाचे यावर काही चालत नाही. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मी त्यांना दोन वेळा पुन्हा सांगायला लावले. ऐकायला बरे वाटत होते.

हे घर मी मालनबाई यांना देते. त्या जिवंत आहेत तोवर घर त्यांचे, त्यांच्यामागे जयवंताचे. त्यांच्या हयातीत ते विकू नये, गहाण टाकू नये, आणि त्यांना यातून कुणी हलवू नये. पुढची खोली हवी तर भाड्याने द्यावी. कचेऱ्यांतले नवे लोक घरे शोधत फिरत आहेत. घरात माणसाचा आवाज राहील.

आता लोक विचारतील, स्वयंपाकीणबाईला घर? डोके फिरले का पद्मावतीचे? म्हणून सगळे पहिल्यापासून लिहिते.

माझे लग्न झाले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. हे तहसील कचेरीत होते, पुढे पेशकार झाले. माझ्या वडिलांना, देवराव पाटलांना, यांच्याकडच्यांनी सांगितले की पहिली बायको प्लेगात गेली, मागे दोन वर्षांची मुलगी आहे. वडील म्हणाले, मूल चालेल, सवतीवर मात्र मुलगी देणार नाही. सवत नाही म्हटल्यावर लग्न ठरले. मी जामबागेतल्या भाड्याच्या घरात आले. दारात मुलगी उभी होती, जयवंता. तिच्यामागे कपाळ मोकळे, हात मोकळे, विटक्या लुगड्यातली एक बाई. हे म्हणाले, "ह्या मालनबाई. गावाकडच्या, नात्यातल्या. नवरा प्लेगात गेला. पोरीला सांभाळतात, स्वयंपाक करतात." मी म्हटले बरे झाले, हाताशी माणूस मिळाले. मी तेव्हा कशालाही बरे झालेच म्हणत असे.

जयवंता सहा वर्षांची झाली तशी तिला जामबागेतल्या मराठी शाळेत घातले. दाखल करायला मालनबाई गेल्या, कारण मी माहेरी होते आणि यांना कचेरी होती. शाळेत इंदुताई म्हणून बाई होत्या. तेव्हा तरुण, नऊवारी चापून नेसणाऱ्या, आवाज खणखणीत. त्यांनी विचारले, "मुलीच्या वडिलांचं नाव?" मालनबाई गप्प. इंदुताईंना वाटले ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मालनबाईंनी जयवंताला कोपराने ढोसले, "सांग गं, बाईंना बाबाचं नाव सांग." पोरीने ठणकावून सांगितले. आणि पोरीच्या तोंडून नाव निघाले तसा मालनबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

घरच्या कामाच्या बाईला मालकाचे नाव घ्यायला लाज कसली? चुलत्याचे, मामाचे, मालकाचे नाव बाई घेते. एकाच माणसाचे घेत नाही. इंदुताई आमच्यातल्याच. त्यांना शिकवायला नको होते. तरी त्या एवढ्यावर बोलल्या नाहीत. दर वर्षी वर्ग चढताना काही ना काही निमित्ताने त्या मालनबाईंना वडिलांचे नाव विचारत राहिल्या. दर वर्षी मालनबाईंनी पोरीला ढोसले. पोर मोठी होत गेली, ढोसणे तेच राहिले.

यांनी किती विचार करून सगळे रचले होते! कुंकू पुसायला लावले. बांगड्या, जोडवी उतरवली. गळ्यातले काढून घेतले. नवरा कुठे मेला, कशाने मेला तेही पढवले. नाव घ्यायला मात्र शिकवायचे राहून गेले. पुरुषाच्या ध्यानात ते येणारच नाही. त्याचे नाव तो स्वतः दिवसातून दहादा घेतो.

जयवंता सातवीत होती तेव्हा यांनी गावाकडचे एक स्थळ पाहिले. मुलगा चाळिशीकडचा, जमीन मोप, पहिली बायको वारलेली. शाळा बंद करायची ठरले. पोर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी इंदुताई घरी आल्या. आमच्या घरात बाहेरची बाई येऊन पुरुषासमोर खुर्चीवर बसली, ती पहिलीच. म्हणाल्या, "साहेब, ही मुलगी माझ्या वर्गात पहिली आहे. मॅट्रिक होऊ द्या. फी माफ करून घेते, पुस्तकं माझी देते."

हे हसले. "पोरीला काय मुन्सफ करायचंय? लडकी की जात आहे, बाई. आज ना उद्या चूलच फुंकणार."

"चूल फुंकणाऱ्या बाईलाही दोन अक्षरं आली तर चूल विझत नाही."

"आपण शाळेत शिकवा. माझ्या घरात नक्को."

इंदुताई उठल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. त्या चप्पल घालता घालता हळू आवाजात म्हणाल्या, "पद्मावतीबाई, मुलीच्या आईला विचारलंत का कुणी?"

मी म्हटले, "मीच तिची आई."

"तुम्ही आहातच. मी त्यांना म्हणते," आणि त्यांनी मान स्वयंपाकघराकडे केली. मग वर्षा-वर्षाचे ते नाव विचारणे त्यांनी मला थोडक्यात सांगितले. म्हणाल्या, "हे मी कधीच बोलले नसते. कुणाच्या घरातलं उकरून काढणं हे शिक्षिकेचं काम नव्हे. पण त्या बाईंना एवढं सोसूनही मुलीसाठी एक शब्द बोलता येत नाही. त्यांच्या वतीनं बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नाही."

मला असा संताप आला! मी म्हटले, "मास्तरीणबाई, आपल्या घरी जा." दार लावले आणि दाराला टेकून उभी राहिले. रागवायचे कुणावर तेच कळेना.

चार-आठ दिवस मी नुसती बघत राहिले. हे जेवायला बसले की मालनबाई ताट वाढून मागे सरत, पण यांच्या पाण्याचा तांब्या कधी रिकामा झाला नाही. यांना खोकला झाला की न सांगता आल्याचा काढा चुलीवर दिसे. मी बायको असून मला खोकला ऐकू आलेला नसे. एका दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत होतो. मी एकदम म्हटले, "मालनबाई, ह्यांचं नाव घ्या बरं."

त्या म्हणाल्या, "कुनाचं?"

"मालकांचं."

"आता हे काय काढलं, बाई? तुमाला ठावं न्हाई का?"

"ठावं हाय. तुमच्या तोंडून ऐकायचंय. एवढं सोपं नाव. समोरचा भाजीवाला घेतो, पोष्टमन घेतो. तुम्ही घ्या."

सूप हातात तसेच राहिले. मालनबाईंची मान खाली गेली ती वर येईना. म्हणाल्या, "मला कशापायी घ्यायला लावता?" आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी ज्वारीवर पडायला लागले. मला उत्तर मिळाले.

मग त्यांनी सांगितले, तेही मी ओढून काढले तेव्हा. यांनी त्यांना दोन रस्ते दिले होते. पोर इथे ठेवून माहेरी जा, नाहीतर पोरीजवळ राहा, पण बायको म्हणून नाही, रांडाव म्हणून. त्या म्हणाल्या, "लेकरू दूध तोडलेलं व्हतं, पर निजायचं माज्याच कुशीत. काय करनार, बाई? कुकू पुसलं." नवरा समोर धडधाकट, आणि ही बाई कुंकवाविना त्याचे ताट वाढत राहिली.

मी म्हटले, "मी आत्ताच्या आत्ता जयवंताला सांगते." त्यांनी माझा हात धरला आणि अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिची आन हाय तुमाला. तुमी जित्या हाय तवर तिला कळू द्यायचं न्हाई. ती तुमाला आई म्हनती. दोन आया झाल्या तर पोरगी एकीचीबी ऱ्हायाची न्हाई." मी पोरीची शपथ घेतली. पाळली. ती शपथ माझ्या जिवापर्यंतची आहे, म्हणून हे तोंडी न सांगता मृत्युपत्रात लिहिते आहे.

शाळेचे मात्र मी त्याच दिवशी निकालात काढले. हे जेवत होते. मी भाकरी वाढता वाढता म्हटले, "जयवंता शाळा सोडणार नाही. सोडवली तर मी वडिलांना बोलावून घेईन आणि त्यांच्यासमोर मालनबाईंना तुमचं नाव विचारीन." हे माझ्याकडे बघत राहिले, मग स्वयंपाकघराकडे बघितले, आणि ताटावरून उठले. स्थळ फिरले. जयवंता मॅट्रिक झाली, इंदुताईंच्या हाताखाली त्याच शाळेत शिक्षिका झाली, शिकलेला नवरा मिळाला. त्या जेवणानंतर हे माझ्याशी कामापुरतेच बोलले, मरेपर्यंत. पाणी, पंचा, किल्ली, आणि घरखर्च. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. पण एका छपराखाली इतकी वर्षे कुणी आपले नाव घेऊन बोलत नाही तेव्हा माणसाला आपल्याच आवाजाची सवय सुटते.

आणि मालनबाई? सवत म्हणावी तर कधी भांडण नाही. मैत्रीण म्हणावी तर त्या मला "बाई" म्हणतात. किती वेळा म्हटले, माझ्या पंक्तीला बसा. "व्हय व्हय" म्हणतात आणि मागाहून एकट्या जेवतात. दोघी एकाच घरात एकेकट्या राहिलो.

हे वारले त्या दिवशीचे सांगते. बायका जमल्या, मला मधे घेतले, बांगड्या फोडल्या, कपाळ पुसले, गळ्यात पडून रडल्या. मालनबाई मागच्या दारी उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर काढून घ्यायला काही शिल्लकच नव्हते. कुणीतरी त्यांना म्हणाले, "अहो, उभ्या काय राहता, पाणी काढा." त्यांनी पाणी काढले. पुढचे तेरा दिवस त्या कोपऱ्यात घोंगडीवर निजल्या, देवाला शिवल्या नाहीत. लोकांना वाटले बाईला बरे नाही. त्या सुतक पाळत होत्या. रडल्या असतील तर मला दिसल्या नाहीत.

आता मुद्द्याचे. जयवंताच्या नवऱ्याची नोकरी मुंबई राज्याकडे गेली आणि ती औरंगाबादेस गेली. या दिवाळीला आली तेव्हा मला म्हणाली, "आई, ऑपरेशन झालं की तू माझ्याकडे चल. आणि तुझं काही बरंवाईट झालं तरी काळजी करू नकोस, मालनमावशींची मी व्यवस्था लावते. गावी प्रतापदादाकडे सोडू. तिथं दळण आहे, गोठा आहे, त्यांचे हात चालतील. त्यांचं माणूस म्हणावं असं दुसरं कोण आहे?" पोरीने वाईट मनाने म्हटले नाही. पोर चांगली आहे. तिला माहीत नाही ती कुणाला गोठ्यात सोडायला निघाली आहे. आतून मालनबाईंनी ऐकले, आणि काय म्हणाव्यात? "लेकरू बरोबर बोलतंय."

म्हणून हे घर मालनबाईंना. कुणाला कारण हवे होते, ते हे.

कलम तिसरे. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात माझ्या नावावर शिवणकामाचे पैसे आहेत. तेही मालनबाईंचे. त्यांना सही येत नाही, म्हणून व्यवहार जयवंताने पाहावा. दर महिन्याला स्वतः येऊन. मनीऑर्डर करून मोकळी होऊ नये.

कलम चौथे. शिवणयंत्र शाळेतल्या मुलींच्या शिवणवर्गाला द्यावे. उजव्या बाजूचा पाय थोडा डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी ठेवावी. मला त्याने खूप सोबत केली. खडखडाट असला की घर भरल्यासारखे वाटे.

कलम पाचवे, पुतण्या प्रतापराव. तो माझ्या आजारपणात एकदाच आला, आणि मला बघायच्या आधी भिंती ठोकून बघितल्या. मालनबाईंना म्हणाला, "ए बाई, चा टाक." सख्खी चुलती आहे रे ती तुझी. काका देवमाणूस होते असे तो चारचौघांत सांगतो, म्हणून काकांचा हाराचा फोटो, चांदीच्या मुठीची काठी आणि काळी शेरवानी मी त्याला देते. शेरवानीला कसर लागली आहे. फोटोसाठी त्याला भिंत ठोकावी लागेल, त्याला ते जमते. याखेरीज त्याला काही नाही.

समोरच्या गुंटूरच्या बाईला माझा मोठा खलबत्ता द्यावा. ती मागायला लाजते आणि बाजूच्या दगडावर मिरच्या कुटते.

कलम सहावे, डोरले. माझ्या लग्नात माझ्या गळ्यात जे डोरले घातले, ते मालनबाईंच्या गळ्यातून काढलेले होते. सोनार नको, खर्च नको, तेच पुन्हा ओवले. मला कळले त्या दुपारीच मी ते काढायला गेले तर मालनबाईंनी माझा हात दाबून धरला. "त्ये जिते हायेत. गळा मोकळा करू नका." स्वतःचा गळा मोकळा असलेली बाई मला सांगत होती! हे गेल्यावर मी ते फडक्यात बांधून ठेवले आहे, कपाटाच्या वरच्या खणात, शालीखाली. हे मी मालनबाईंना देत नाही, परत करते. देणारी मी कोण? त्यांनी ते मोडावे, ठेवावे, नाहीतर आपल्या हाताने लेकीला घालावे.

कलम सातवे, वाचनाबद्दल. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून मी इंदुताईंच्या हवाली करत आहे. त्याही पुढच्या उन्हाळ्यात पुण्यास भावाकडे जायचे म्हणतात. मी त्यांना हक्काने सांगितले आहे की माझा निकाल लागेपर्यंत जायचे नाही. माझे दिवस झाले की त्यांनी जयवंताला आणि मालनबाईंना समोरासमोर बसवून हे मोठ्याने वाचावे. मालनबाईंना वाचता येत नाही, त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला पाहिजे. प्रतापराव घरात असल्यास त्याला पाचव्या कलमापुरते आत घ्यावे.

मी तेव्हा इंदुताईंना दारातून घालवले होते. त्या शाळेच्या वाटेवर भेटल्या की मान हलवत, पण घरी पुन्हा आल्या नाहीत, मी बोलावले नाही तोवर. मी गेल्या महिन्यात बोलावले. आल्या, खुर्चीवर बसल्या, म्हणाल्या, "पद्मावतीबाई, किती वाळलात!" माझ्याकडे असे बघून बोलणारे कुणी फार दिवसांत आले नव्हते. मी रडले. त्यांना माझ्याकडून काही द्यायचे तर त्या घेणार नाहीत, म्हणून काही लिहीत नाही. एवढेच लिहिते की माझ्या घरात माझ्या लेकीच्या बाजूने पहिले बोलले ते त्या, आणि माझ्याशी खरे पहिले बोलले तेही त्याच.

कलम शेवटचे. नामदेवराव म्हणाले, "झालं बाई, मिळकत संपली, सही करा." संपलेली नाही. एक राहिली आहे.

जयवंता लहानपणापासून दारात पाऊल टाकायच्या आधी हाक मारते, "आईऽ!" अजून मारते, दोन लेकरांची आई झाली तरी. ती हाक आली की घरात दोन माना वळतात. मी "ओ" देते. मालनबाई काही न बोलता पुन्हा तव्याकडे बघतात. इतक्या वर्षांत त्यांची मान वळायची थांबली नाही, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही ओ दिली नाही. माझ्या पोटी मूल झाले नाही. त्या एका हाकेवर मी या घरात तग धरला. ती माझी म्हणून मी वापरली, आणि मालनबाईंनी ती मला वापरू दिली.

माझ्यामागे ती हाक मालनबाईंची.

जयवंते, तू माझीही आहेस, त्यात काही कमी होत नाही. वाचून झाले की उठू नकोस, रडत बसू नकोस, इंदुताईंना काही विचारू नकोस. तिथल्या तिथे एकदा हाक मार. त्या लगेच ओ देणार नाहीत. सवयीने आधी माझ्या जागेकडे बघतील. मी नसेन. मग तू पुन्हा हाक मार.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि पुढे करायला सवड मिळेलसे वाटत नाही. वरचे सगळे माझ्या हातचे आहे, वाचून पाहिले आहे, एकही अक्षर खोडायचे नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

सही
पद्मावती भ्रतार हिम्मतराव टेकाळे

साक्षीदार
१. इंदुताई, निवृत्त शिक्षिका, जामबाग
२. नामदेवराव, वकिलाचे मुन्शी, नल्लकुंटा

मुक्काम नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, दिनांक १७ नोव्हेंबर १९५७